नळ आला वो

पंचफुलाबाईचा आवाज वाईट होता, हे आधीच सांगून टाकते. ती गेल्यापासून गावात जो तो म्हणतो, काय गोड गळा होता बाईचा. मुळीच नव्हता. चिरका, अर्धा नाकातून येणारा, वर चढला की फाटणारा आवाज होता तो. मी तिच्या समोरच्या घरात एकवीस वर्षं राहते आहे आणि शेजारच्या अंगणवाडीत दुपारी पोरांना झोपवणं हे माझं काम आहे. तिने एकदा हाक दिली की माझी अठरा पोरं एका वेळी उठून बसायची. त्या आवाजाशी माझं वैरच होतं म्हणा ना.

पण त्याच आवाजावर आमच्या वॉर्डातली एकोणीस घरं पाणी भरत होती. आमचं गाव लाखांदूरहून एसटीने पाऊण तासावर. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मागे बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि प्यायच्या पाण्याची मात्र बोंब. घरोघरी निळे पाइप आले, तोट्या आल्या, तोट्यांसोबत आमचे फोटोही निघाले. पाणी चढतं ते फक्त चौकातल्या जुन्या सार्वजनिक नळापर्यंत, आणि तेही दिवसातून अर्धा तास. कधी, ते कोणालाच माहीत नसतं. नदीवरच्या मोटारीला वीज मिळाली की टाकी भरते, टाकी भरली की चंद्रकुमार नळवाला व्हॉल्व्ह उघडतो.

तो नळ पंचफुलाबाईच्या दारासमोर आहे. त्याला तोटी नाही. पाणी यायच्या दोन मिनिटं आधी त्यातून फुस्स करून हवा निघते. ती हवा आम्हाला कधीच ऐकू आली नाही. पंचफुलाबाईला चुलीपाशी ऐकू यायची, झोपेत ऐकू यायची. हातातलं टाकून ती दारात यायची, कमरेवर हात ठेवायची आणि तोंड वर करून ओरडायची, "नळ आला वोऽऽ." शकुनबाईचं घर सगळ्यात शेवटी, पार बोडीच्या पाळीला लागून. तिथवर ती हाक जायची. मग गुंड्या, बकेटा, ड्रम घेऊन आमची धावाधाव. पाणी बारीक झालं की दुसरी हाक यायची, खालच्या आवाजात, "नळ गेला वो." ती ऐकली की मागे राहिलेल्यांनी भांडण आवरून घरी जायचं.

हे काम तिला कोणी दिलं नव्हतं. मोबदला एवढाच की रांगेत पहिला नंबर तिचा. पोटाला पोचा आलेली तिची पितळी गुंडी सगळ्यांच्या आधी नळाखाली लागायची आणि त्यावर कोणी तोंड उघडायचं नाही. शकुनबाई सरपंचाच्या सुनेशी नंबरावरून भांडलेली बाई आहे, पण पंचफुलाबाईची गुंडी दिसली की तीसुद्धा पाय मागे घ्यायची. गरीब घरची, शाळेत न गेलेली बाई. गावात तिला दुसरा कसला मान होता? हा होता, आणि तो तिला पुरत होता. गुंडी भरून डोक्यावर घेताना ती मान जरा जास्तच ताठ ठेवायची.

तिचा नवरा तेजरामभाऊ राईस मिलमध्ये होता. मिलच्या पट्ट्याशेजारी तीस वर्षं काढून त्याचे कान गेले. त्याला गावात एकाच माणसाचा आवाज ऐकू यायचा, तो बायकोचा. दोघांचा मुलगा अश्विन. आयटीआय करून लाखांदूरला एका दुकानात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा.

चौकात कवडूचा पानठेला आहे. कवडू खर्रा घोटतो, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून रगडतो, आणि अर्धं गाव ते खातं. मीही खात होते, आता सोडला. पंचफुलाबाई दिवसाला दोन खायची. तिचा आवाज पहिल्यांदा बसला तेव्हा, खरं सांगते, मी खूश झाले. पोरं दुपारची झोपू लागली. तिसऱ्या महिन्यात घास उतरेना, तेव्हा अश्विनने तिला नागपूरला नेलं. गळ्याचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटीच काढावी लागेल, मानेला भोक राहील, श्वास तिथूनच. जीव वाचेल, बोलणं जाईल. ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली आणि तोवर गळ्याला ताण देऊ नका असं बजावून सांगितलं.

आता अश्विन आणि प्रफुल्लबद्दल सांगते. प्रफुल्ल धुमाल पार्टीत पॅड वाजवायचा. धुमाल म्हणजे गाडीवर चढवलेला बँजो, पॅड आणि कानाचे पडदे फाडणारे स्पीकर. आमच्याकडे वरात असो की चौदा एप्रिलची मिरवणूक, त्याशिवाय निघत नाही. अश्विनकडे बिजागरी तुटलेला एक लॅपटॉप होता. हे दोघं मिळून मशिनीवरचं संगीत करायचे. पेटी नाही, तबला नाही, गाणारं कोणी नाही. थ्रेशरचा आवाज धरायचा, बोडीतले बेडूक धरायचे, एसटीचं दार आपटल्याचा आवाज धरायचा आणि ते कापून, ताणून, उलटं करून त्यावर ठेका टाकायचा. अश्विनच्या खोलीतल्या बोर्डात दोनच प्लग बसायचे, म्हणून जोडीचं नाव ठेवलं ‘टू-पिन’. पहिला अल्बम काढायचा, सात तुकड्यांचा, आणि साऱ्या जगाला ऐकवायचा, असा त्यांचा बेत दोन वर्षं चालला होता. गावात त्यांना कोणी विचारत नव्हतं. लग्नात वाजवता येत नाही ते कसलं संगीत, असं मीच प्रफुल्लच्या तोंडावर म्हटलं होतं.

नागपूरहून आल्यावर अश्विन आईला म्हणाला की तुझा आवाज ठेवून घेतो. कशासाठी, ते तेव्हा त्यालाही नीट ठाऊक नसावं. पोरगा होता, आईचा आवाज जाणार होता, एवढंच. प्रफुल्ल धुमालचा माईक घेऊन आला. पंचफुलाबाईला दारात उभं केलं. ती बसलेल्या आवाजात, पण होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली. लगेच एकोणीस घरांतून बाया गुंड्या घेऊन धावत आल्या. शकुनबाई दोन गुंड्या आणि कडेवर नातू घेऊन आली. नळ कोरडा पाहून तिने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो सगळा माईकमध्ये गेला. शेवटी दोघांनी पंचफुलाबाईला गावाबाहेर, बोडीच्या पाळीवर नेलं. रविवार होता, गंमत बघायला मीही गेले.

तिथे वेगळंच कोडं. तिच्या तोंडून हाक निघेना. "पानी नाई त नळ आला कशी म्हनू?" ती म्हणाली. तिने आयुष्यात एकदाही खोटी हाक दिली नव्हती, सकाळची झाली तीच पहिली आणि ती तिच्या मनाला लागली होती. अश्विन समजावून थकला. प्रफुल्ल हुशार. तो चौकात जाऊन सोड्याच्या बाटल्या घेऊन आला. तिच्या मागे उभा राहून त्याने एक बाटली उघडली, फुस्स झालं, आणि बाईचं तोंड आपोआप वर गेलं. "नळ आला वोऽऽ." आम्ही हसून लोळलो. तीही हसली.

चौदा बाटल्या उघडल्या त्याने. दर वेळी हाक. दहाव्या वेळी आवाज मधेच चिरला, दोन आवाज झाल्यासारखा. प्रफुल्लच्या डोळ्यांत चमक आली. "मावशी, असाच फाटू दे," तो म्हणाला. अश्विनला डॉक्टरांचं सांगणं आठवत होतं, तो एकदा बस म्हणालाही, पण कानाला लावलेला हेडफोन काढला नाही त्याने. बाराव्या वेळी तिने पदर तोंडाशी नेला आणि लगेच मुठीत दाबला. मी जवळ होते. पदराला लाल लागलेलं मी पाहिलं. मी काही बोलले नाही, कारण मलाही वाटत होतं की आणखी एक चांगली निघावी.

चौदावी झाली. प्रफुल्ल वायर गुंडाळायला लागला. तेव्हा ती कशीबशी म्हणाली, "आता गेला म्हनू का?"

"नको मावशी. आलाच पायजे. गेला कोन आयकते?" प्रफुल्ल म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या गळ्यातून आवाज असा निघालाच नाही. पंधरा दिवसांनी जे कापलं ते आधीच संपलेलं होतं. म्हणजे ‘आता गेला म्हनू का’ हे तिचं शेवटचं बोलणं.

नागपूरहून ती मानेला पातळ पांढरं फडकं बांधून आली. श्वासागणिक ते फडकं हलायचं. पोरं भ्यायची, मग सरावली. तेजरामभाऊ आठ-दहा दिवस तिच्या तोंडाकडे बघत म्हणत होता, जरा जोरात बोल. मग त्यानेही सोडून दिलं. आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी नळ फुसफुसला. पंचफुलाबाई दारात आली, कमरेवर हात ठेवले, तोंड वर केलं. फडकं फडफडलं. ती आत पळाली आणि पितळी ताट आणि पळी घेऊन आली. बडवत सुटली. आम्ही आलो. तिची गुंडी पहिल्या नंबरावर लागलेली होती, आणि कोणी तोंड उघडलं नाही. पाणी गेलं की ती ताटावर दोनच ठोके द्यायची, हळू. त्या दिवशी ती घरात जाताना मान जुन्यासारखी ताठ होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अल्बम बनायला आणखी वर्ष लागलं. त्यात राईस मिलचा पट्टा नऊ मिनिटं चालतो. बेडूक आहेत. शेवटचा, सातवा तुकडा म्हणजे पंचफुलाबाई. नुसती हवेची फुस्स, ती लांब लांब होत जाते, खाली ठेका वाढत जातो, आणि मग ती फाटलेली हाक. पुन्हा पुन्हा, एकावर एक, शेवटी जणू शंभर पंचफुलाबाई ओरडत आहेत. अल्बमचं नाव ‘नळ आला’. अश्विनने तिला कानाला लावून ऐकवलं. ती डोळे मिटून बसली. संपलं तरी कानावरचं काढेना. अश्विन म्हणाला, झालं माय. तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि वाट पाहत बसली. दुसऱ्या हाकेची वाट पाहत होती, हे मला कळलं. अश्विनला वाटलं, फार आवडलं.

प्रकाशन समाजमंदिरात ठेवलं, रविवारी चार वाजता. फ्लेक्स लागला, खुर्च्या आल्या, सरपंचाने नारळ फोडला. पंचफुलाबाई पांढरं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीवर, शेजारी तेजरामभाऊ. बायांना वाटलं होतं नाच होईल. राईस मिल सुरू झाली तशी तरणी पोरं उठून गेली. बेडकांपाशी सरपंच गेला. अश्विन लॅपटॉपवरून मान वर करत नव्हता, पण कानाची पाळी लाल झालेली मला दिसत होती. आम्ही बाया तेवढ्या बसून होतो, पंचफुलाबाईसाठी. मग सातवा तुकडा लागला. धुमालचे स्पीकर होते ते. फुस्स झालं, आणि साऱ्या गावावरून हाक गेली, "नळ आला वोऽऽ."

आम्ही उठलो. विचार करून नाही, पाय उठले. खुर्च्या पडल्या. दारात चेंगराचेंगरी झाली, मी शकुनबाईला ढकललं. घरी जाऊन गुंडी घेऊन नळावर पोचले तेव्हा तिथे अर्धं गाव उभं होतं आणि नळ कोरडा. मागून समाजमंदिरातून ती हाक येतच होती. बाहेर उभे असलेले पुरुष पोट धरून हसत होते. परत कोणी गेलं नाही. आत चौघंच होती, दोन वाजवणारे आणि दोन म्हातारी. तेजरामभाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, असं प्रफुल्लने नंतर सांगितलं. त्याला वर्षाने बायकोचा आवाज ऐकू आला होता.

अल्बम इंटरनेटवर गेला. गावात तो कोणी पुरता ऐकला नाही. पण पुण्याच्या कोणा जाणकाराने त्यावर दोन पानं लिहिली. पुराणात नळ नावाचा राजा आहे आणि त्याची राणी आमच्याच विदर्भाची. तर या जाणकाराला वाटलं की ही ती राणी, हरवलेला राजा परत आल्याची आर्त हाक देते आहे. ‘विदर्भकन्येचा हजारो वर्षांचा विरह या दोन शब्दांत फुटतो,’ असं त्यात होतं. अश्विनने मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, अरे, त्यांना कळव ना, नळ म्हणजे नळ. प्रफुल्ल म्हणाला, राहू द्या ताई, चांगलं लिवलं हाये. त्या दोन पानांवरून त्यांना पुण्याहून कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली, आणि राणीच्या गळ्याला भोक आहे आणि ती ताट बडवते, हे तिकडे कोणाला सांगायचं राहून गेलं.

इकडे गावात त्याचं काय झालं ते ऐका. समाजमंदिराच्या दिवशी कवडूने ती हाक मोबाईलमध्ये भरून घेतली होती. पानठेल्यावर त्याचा स्पीकर होता. गिऱ्हाईक नसलं की तो हाक वाजवायचा. बाया धावत यायच्या, ठेल्यावरचे चार जण टाळ्या द्यायचे. कवडू काही पोरसवदा नाही, दोन नातवंडांचा आजोबा आहे. एकदा त्याने पंचफुलाबाईच्या घरामागे जाऊन वाजवली. ती ताट घेऊन बाहेर आली. नळाकडे बघितलं. खाली वाकून नळाला कान लावला. ज्या कानाने आयुष्यात कधी चूक केली नव्हती त्या कानावर तिचा विश्वास राहिला नाही, हे तिच्या तोंडावर दिसलं. मग तिने दोन-तीन ठोके दिले ताटावर, न जाणो. ठेल्यावर हसण्याचा लोट उठला. मी माझ्या दारात उभी होते. मी हसले. आणि नुसती हसले नाही, ती हाक मी अंगणवाडी सेविकांच्या ग्रुपवर हसऱ्या तोंडासह टाकली. अकरा गावांतून हसरी तोंडं परत आली.

ज्याने खर्रा घोटून घोटून तिचा गळा भरला त्यानेच तो वाजवला, असं मी कवडूला एकदा तोंडावर म्हणणार होते. म्हटलं नाही. माझ्या मोबाईलमध्येही ती हाक होती.

बायांचा विश्वास उडाला. ताट वाजलं तरी कोणी म्हणे खरं, कोणी म्हणे कवडू. पाणी वाया जायला लागलं, तेव्हा ग्रामपंचायतीने तोडगा काढला. टाकीवर भोंगा बसवायचा. चंद्रकुमारने व्हॉल्व्ह उघडला की बटण दाबायचं आणि हाक वाजवायची. हाक कोणती, तर तीच, सगळ्यांच्या ओळखीची. अश्विनने स्वतः साफ करून दिली ती. त्याला वाटलं, आईचं काम आईकडे राहील. कवडूला वाजवायला बंदी झाली. आणि चंद्रकुमारने पंचफुलाबाईला येऊन सांगितलं की मावशी, आता ताट वाजवू नका, दोन-दोन आवाज झाले का लोकाईचा घोटाळा होते. तिने ताट आत नेऊन ठेवलं.

तरी पहिला नंबर तिचा होता. भोंग्यातून तिचाच आवाज यायचा, ती गुंडी घेऊन नळापाशी उभी असायची, आणि मान होती तशी होती. बघवत नव्हतं, पण होती.

मग कार्तिकातली ती सकाळ. धानकापणीचे दिवस, सगळ्यांना आठच्या आत बांधीत पोचायचं होतं. रात्री भरलेली टाकी होती, वीज पहाटेपासून गेलेली. चंद्रकुमारने व्हॉल्व्ह उघडला, बटण दाबलं आणि कापणीच्या घाईत सायकलवरून निघून गेला. वीज नाही तर भोंगा वाजणार कसा, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. नळ फुसफुसला. पंचफुलाबाईने वाट पाहिली असणार. मग ताटाचा आवाज आला. मी पीठ मळत होते. शेजारून कोणीतरी म्हणालं, कवडूनं आता ताट घेतलं वाटते. मी मळत राहिले.

ती माझ्या दारात आली. तिचे ओठ हलत होते, मानेवरचं फडकं आत-बाहेर होत होतं. तिने माझा पिठाचा हात धरला आणि ओढलं. तिच्या ओठांवर काय आहे ते मला वाचता येत होतं, दोनच शब्द होते. आणि तरी मी समोरच्या नळाकडे न बघता हात सोडवून घेतला. "भोंगा वाजू दे बाई. मंग येतो," मी म्हणाले आणि दार लोटलं.

ती घरोघरी गेली. शकुनबाईच्या ओट्यावरची गुंडी उचलून ती नळाकडे निघाली, तर शकुनबाईने चोर समजून हिसकावून घेतली. शेवटी तिने आपली एक गुंडी भरली. बाकीचं पाणी नालीतून बोडीकडे गेलं.

बांधीकडे निघताना कळलं. नळाखालची फरशी ओली, नाली भरलेली, आणि पंचफुलाबाईच्या ओट्यावर काठोकाठ गुंडी. सगळ्या बाया तिच्या दारात जमल्या. सोताची भरून बसली, आमाले काहून नाही सांगतलं, असं एकीने सुरू केलं आणि मग सगळ्याच. शकुनबाई पुढे झाली. "पहिला नंबर कायचा वो आता? हाक त भोंगा देते," ती म्हणाली. पंचफुलाबाई माझ्याकडे बघत होती. फक्त माझ्याकडे. मी सांगू शकत होते की ती आली होती, माझा हात धरला होता. माझ्या मनगटावर कोरडं पीठ अजून होतं. मी पदर मनगटावर ओढला.

तिने ती भरलेली गुंडी उचलली आणि आमच्यापुढे आणून ठेवली. हाताने खूण केली, घ्या. आम्ही वाटून घेतलं ते पाणी. एकेक लोटा. मीही माझा लोटा नेला होता. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा तिची गुंडी शेवटी होती, कोणी सांगायच्या आधी तिनेच ठेवली होती. मान खाली होती.

अश्विनला कुठून तरी कळलं. तो पुण्याहून आला आणि घरोघर फिरला की भोंग्यातून आईचा आवाज काढू या, दुसरा काही वाजवू. आम्ही नाही म्हणालो. सवय झाली होती. शकुनबाई म्हणाली, तुह्या मायचा आवाज हाये त गावाचा नाही का. त्यानेच तो साऱ्या जगाला दिला होता.

पौषात दुखणं परत उमटलं, मानेच्या दुसऱ्या बाजूला. तिने या वेळी नागपूरला जायला मान हलवून नकार दिला. माघाच्या एका पहाटे गेली. अश्विन आणि प्रफुल्लचा आदल्या दिवशी पुण्यात कार्यक्रम होता, अश्विन निघाला होता, दुपारपर्यंत पोचणार होता. आम्ही बाया पांढऱ्या साड्या नेसून तिच्या भोवती बसलो. त्रिशरण झालं. शकुनबाई सगळ्यात मोठ्याने रडत होती आणि ते रडणं खरं होतं. माझंही खरं होतं. मी तिचे पाय धरून, सगळ्यांदेखत, त्या सकाळचं सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात भोंगा वाजला. "नळ आला वोऽऽ."

रडणं थांबलं. तेजरामभाऊने दचकून वर पाहिलं, मग प्रेताकडे. आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. अर्धा तास पाणी. कोणाकडे काल पाहुणे आलेले, कोणाकडे उद्या माणसं येणार. पहिली शकुनबाई उठली, डोळे पुसत. दुसरी मी. तिला आंघोळ घालायला पाणी लागणारच म्हणून उठलो, असं आम्ही नंतर एकमेकींना सांगितलं, आणि ते पटलंही.

माझा नंबर चौथा लागला. तीन गुंड्या आणि ड्रम भरून झाला तेव्हा आठवलं. तिच्या ओट्यावरून पोचा आलेली गुंडी मी आणली आणि रांगेत शेवटी ठेवली. ती अर्धी भरली तेव्हा पाणी बारीक झालं आणि थांबलं. नळ गेल्याचं कोणी सांगितलं नाही. आम्ही दोघी-तिघी बराच वेळ तिथेच गुंडीकडे बघत उभ्या राहिलो, आणि मग तेवढ्याच पाण्यात तिची आंघोळ केली.